साखरपुडा सोलापुरात, भांडण व्हॉट्सॲपवर

लग्न ठरलं की सोलापुरात आधी मुहूर्त बघतात आणि मग त्या तारखेला कार्यालय मिळतंय का ते बघतात. दोन्ही जुळेपर्यंत सहा-आठ महिने सहज जातात. मधल्या काळात मुलगा हिंजवडीला नाहीतर हैदराबादला नोकरीवर आणि मुलगी इथं जुळे सोलापुरात आई-वडिलांकडं, हे आता घरोघरचं झालंय. (उलटंही पुष्कळ आहे. ती पुण्यात, तो इथं दुकान सांभाळतोय.) पाहण्याच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटं गच्चीवर बोलणं झालेलं, साखरपुड्यात फोटोग्राफरनं सांगितलं तसं एकमेकांकडं बघून झालेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम रोज रात्री तासभर फोन. ज्याला धड ओळखत नाही त्याच्याशी, तेही तो समोर नसताना. भांडण झालं नाही तरच नवल. ज्यांनी स्वतः जमवलंय आणि आता नोकरीमुळं दोन गावांत राहतायत, त्यांचंही पहिल्या वर्षात फार वेगळं नसतं.

पुणे-सोलापूर अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. हुतात्मा एक्सप्रेस चार-एक तासांत पोचवते, फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही सुरू आहे. भेटणं अशक्य नाही. तरी भांडणं होतात, आणि कशावरून झालं ते ऐकलं की घरचे हसतात. ‘ऑनलाइन होतीस, मग उत्तर का नाही दिलंस?’ हसण्यावारी नेऊ नये. या असल्या भांडणांच्या मुळाशी काय असतं याचा मानसशास्त्रात कित्येक वर्षं अभ्यास झालाय, आणि तो समजायला अजिबात अवघड नाही.

पाणी आलं होतं

एक जोडी धरून चालू. ती सोलापुरात, तो हिंजवडीत. रात्री साडेआठला तो लिहितो, ‘जेवलीस का?’ निळ्या खुणा उमटतात. उत्तर नाही. पावणेनऊला ती पुन्हा ऑनलाइन दिसते, दोन मिनिटं. तरी उत्तर नाही. दहाला येतं, ‘हो. तू?’

आता तिची बाजू. सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. आलं की घरातल्या सगळ्यांनी हातातलं काम टाकायचं. मोटर लावायची, वरची टाकी भरली की पाइप पिंपात सोडायचा, पिंप झालं की घागरी-कळश्या, आणि नळ चालू आहे तोवर कपडे उरकायचे. पावणेनऊला ती ऑनलाइन आली ती गल्लीच्या ग्रुपवर ‘आज किती वाजेपर्यंत आहे?’ एवढं बघायला. हात ओले, ओढणी कमरेला खोचलेली, वरून आई ओरडतेय, ‘टाकी भरली, मोटर बंद कर!’ त्याचा मेसेज तिनं वाचला होता. निवांत लिहू म्हणाली.

त्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतात दोन निळ्या खुणा, ज्या व्हॉट्सॲपनं नोव्हेंबर २०१४ मध्ये आणल्या, आणि ‘ऑनलाइन’ हा शब्द. बाकीचं तो मनानं भरतो. दिवसभर काम करून शिणलेलं मन अशी जागा चांगल्या विचारांनी भरत नसतं. ‘हिला माझ्यात रस नाही.’ ‘घरच्यांनी ठरवलं म्हणून हो म्हणाली असेल.’ दहा वाजेपर्यंत त्याच्या डोक्यात खटला चालून निकालही लागलेला असतो, आणि तिला आपल्यावर खटला होता हेच माहीत नसतं.

दुसरा चुकला की त्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि आपण चुकलो की परिस्थितीत, ही माणसाची जुनी खोड. ली रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये यावर लिहिलं आणि तेव्हापासून हा विषय पाठ्यपुस्तकांत गेला. माझा फोन राहिला तर मीटिंग लांबली. तिचा राहिला तर तिला किंमत नाही. पुढं फ्रँक फिंचम आणि थॉमस ब्रॅडबरी यांनी जोडप्यांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की नाखूश जोडपी जोडीदाराच्या चुकीचं खापर त्याच्या स्वभावावर फोडतात आणि त्यानं काही चांगलं केलं तर ते ‘आज कसं काय सुचलं’ म्हणून सोडून देतात. एका घरात राहणाऱ्यांना निदान ओले हात आणि वाहतं पिंप दिसतं. लांब राहणाऱ्यांना तेवढीही माहिती नसते, म्हणून त्यांच्यात ही खोड जास्त माजते.

यावर उपाय अगदीच साधा आहे आणि साधा असल्यामुळंच कुणी करत नाही : आपला दिवस समोरच्याला नीट सांगून ठेवायचा. ‘बिझी असते’ असं मोघम नको. पाणी कुठल्या दिवशी येतं, बाबा दुकानातून कधी येतात आणि त्यानंतर घरात फोनवर बोलणं का अवघड होतं, त्याचा अमेरिकेबरोबरचा कॉल कुठल्या वारी असतो, फ्लॅटमधला रूममेट कधी असतो. हे कळलं की उत्तर न येण्याला मनात दुसरं एखादं कारण तयार असतं. आणि अडकलात तर दोन शब्द टाका. ‘पाणी आलंय, दहाला.’ एवढ्यानं त्याचा दीड तास वाचतो.

त्याच्याही बाजूनं एक गोष्ट करता येते. आपला अंदाज हा अंदाज म्हणूनच बोलून दाखवायचा. ‘तू मुद्दाम टाळलंस’ हा निकाल झाला. ‘उत्तर आलं नाही तेव्हा मला वाटलं तू चिडलीयस. तसं आहे का?’ हा प्रश्न झाला, आणि प्रश्नाला ‘अरे, पाणी आलं होतं’ असं उत्तर देता येतं. ‘लास्ट सीन’ लपवावं का, असं बरेच जण विचारतात. माझं मत : लपवायचं तर दोघांनी, सांगून. एकानंच गुपचूप बंद केलं तर त्यावरून वेगळं भांडण ठरलेलं.

लिहून भांडू नका

या सगळ्यातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. राग, रुसवा, तक्रार, टोमणा, काहीही टाइप करायचं नाही.

२००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना काही वाक्यं मनापासून आणि काही उपरोधानं ई-मेलवर पाठवायला सांगितली. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याला ७८ टक्के वेळा आपला सूर बरोबर कळेल. कळला ५६ टक्के वेळा. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० टक्के बरोबर आलं असतं. तेच बोलून सांगितल्यावर अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फारसा फरक उरला नाही. आपण लिहिताना आपला आवाज आपल्या कानात वाजत असतो. मेसेजबरोबर तो जात नाही, आणि तो गेला नाही हे आपल्याला जाणवतही नाही.

मराठीत तर ‘बरं’ एवढ्या एका शब्दात होकार, कंटाळा, धमकी, सगळं बसतं. ‘तुझी मर्जी’चंही तेच. कित्येक मुलींचं ‘तुम्ही’ महिन्याभरात ‘तू’वर येतं आणि चिडल्या की एकाएकी परत ‘तुम्ही’ होतं. मुलांना ते कळायला वेळ लागतो, पण निदान कळतं. बाकीच्या खुणा कळतही नाहीत. म्हणून मेसेजवर वेळ ठरवा, तिकिटाचा फोटो पाठवा, ब्लाऊजच्या रंगावर मत विचारा. वाद सुरू होतोय असं वाटलं की एकानं लिहायचं, ‘हे फोनवर बोलू’, आणि दुसऱ्यानं तिथंच थांबायचं. व्हॉइस नोटही भांडणात कामाची नाही. सात मिनिटांची व्हॉइस नोट म्हणजे समोरच्याला मध्ये बोलू न देता झालेलं भाषण.

व्हिडिओ कॉलचा वेगळाच घोळ आहे. समोरासमोरच्या बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. २००९ मध्ये दहा भाषांची तुलना झाली त्यात हे पुढं आलं. एवढ्या बारीक तालाची कानाला सवय असते. नेट अडखळलं की हा ताल बिघडतो. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये फोनच्या लाइनवर मुद्दाम सव्वा सेकंदाच्या आसपास उशीर घातला, तर बोलणाऱ्यांना समोरचा माणूसच कमी लक्ष देणारा वाटू लागला. दोष लाइनचा, नाव माणसाचं. त्यामुळं रेंज धड नसेल आणि विषय नाजूक असेल तर व्हिडिओ बंद करा आणि साधा फोन लावा. सोलापूरच्या पूर्व भागात कित्येक घरांना लागूनच कापडाचे माग आहेत. मागाच्या खडखडाटात ‘काय? काय म्हणालास?’ असं चारदा ओरडून विचारावं लागलं की आवाज चढतोच, आणि पलीकडच्याला तो राग वाटतो. अशा वेळी दोन मिनिटं थांबून गच्चीवर गेलेलं बरं.

फोन कट केला म्हणजे काय केलं

प्रत्येक जोडीत बहुतेक एक जण पाठीशी लागणारा असतो आणि दुसरा अंग काढून घेणारा. एकाला वाटतं आत्ताच्या आत्ता बोलून मिटवू. दुसऱ्याला वाटतं उद्या बघू. पहिला जितका मागं लागतो तितका दुसरा गप्प होतो, आणि दुसरा जितका गप्प तितका पहिला जोरात. मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू ख्रिस्तेन्सन यांनी यावर बरंच काम केलंय. महत्त्वाचं एवढंच की यात एक वाईट आणि एक चांगला असं नसतं. दोघंही आपापल्या परीनं भांडण संपवायलाच बघत असतात.

गप्प होणाऱ्याच्या अंगात काय चालतं तेही मोजलं गेलंय. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात जोडप्यांना भांडताना यंत्रं लावून तपासलं. नाडीचे ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की माणसाला ऐकलेलं नीट पोचत नाही, तो फक्त बचाव करतो किंवा भिंत होऊन बसतो. भिंत होणाऱ्यांत पुरुष जास्त. शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात, तीही त्या वेळात मनातल्या मनात भांडण चालू ठेवलं नाही तर. कुठल्या जोडप्याचा घटस्फोट होईल हे आधी सांगता येतं, या गॉटमनच्या दाव्यावर इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत आणि ते मला पटतात, पण हे निरीक्षण रोजच्या उपयोगाचं आहे.

म्हणजे मध्येच थांबणं योग्यच आहे. कसं थांबायचं, तिथं लांबच्या नात्यात गाडी अडते. आपल्या घरांत अबोला काही नवा नाही. पण घरातल्या अबोल्यात आदळआपट करून का होईना, ताट समोर येतं; दाराआडून बघितलं जातं; आई मधे पडून ‘त्याला म्हणावं चहा घे’ म्हणते. नातं चालू आहे याचे शंभर पुरावे असतात. फोन कट करून स्विच ऑफ केला की पलीकडच्याकडं एकही पुरावा उरत नाही. तिला कळत नाही की तो दहा मिनिटं शांत व्हायला गेलाय की लग्न मोडायचा विचार करतोय.

म्हणून थांबताना तीन गोष्टी एका वाक्यात सांगायच्या. माझं डोकं तापलंय. मी जातोय. मी स्वतः साडेदहाला फोन करतो. शेवटची सगळ्यात मोलाची. ज्यानं थांबायला सांगितलं त्यानंच वेळेवर फोन लावायचा. तसा तो एकदा-दोनदा आला की पाठीशी लागणाऱ्याचं लागणं आपोआप कमी होतं, कारण त्याला बोलणं होणार याची खात्री झालेली असते. आणि दुसऱ्यानं मधल्या वेळात बावीस मिस्ड कॉल द्यायचे नाहीत.

फोन लागल्यावर पहिलं वाक्य जपून. सिबिल कारेर आणि गॉटमन यांनी १९९९ मध्ये १२४ नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास मांडला. भांडणाची पहिली तीन मिनिटं कशी जातात यावरून पुढं कुणाचं तुटेल याचा अंदाज बांधता आला, असा त्यांचा दावा आहे. ‘तुला माझ्यासाठी कधी वेळच नसतो’ असं सुरू केलं तर समोरचा आधी आपल्या वेळेचा हिशेब देणार आणि मग तुमच्या चुका काढणार. ‘काल अकरापर्यंत जागी होते, फोन आला नाही, वाईट वाटलं. आज कधी बोलायचं?’ यात झालेली गोष्ट आहे, वाटलेलं आहे, हवं ते आहे. ‘कधीच’, ‘नेहमी’ आणि ‘तुमच्याकडं सगळे असलेच’ हे शब्द नाहीत. तिसरा तर वापरूच नका, तो सात वर्षांनीही परत ऐकवला जातो.

फार गोड चाललं असेल तर

काही जोड्यांत भांडणच होत नाही. घरच्यांना ते कौतुकाचं वाटतं. मला त्याची थोडी काळजी वाटते.

क्रिस्टल जियांग आणि जेफ्री हॅनकॉक यांनी २०१३ मध्ये ६३ जोडप्यांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. लांब राहणारी जोडपी एकमेकांशी मनातलं जास्त बोलत होती, आणि एकमेकांना प्रत्यक्षापेक्षा जास्त चांगलंही समजत होती. पहिली बाब आनंदाची आहे. दुसरी मात्र जपून घ्यायची. लॉरा स्टॅफर्ड आणि अँडी मेरोला यांच्या अभ्यासांत दिसलं की लांबून जोडलेली कित्येक नाती एका गावात आल्यावर तुटतात. त्यांनी पाहिलेल्या तरुण जोड्यांपैकी एकत्र आलेल्यांतल्या साधारण एक-तृतीयांश तीन महिन्यांत वेगळ्या झाल्या. अमेरिकेतली कॉलेजची मुलं होती ती, आपल्याकडच्या ठरलेल्या लग्नाला तो आकडा लावता येणार नाही. पण कारण ओळखीचं आहे. फोनचा तास कमी, तो वाया कशाला घालवा, म्हणून टोचणारे विषय बाजूला पडतात.

बाजूला पडणारे विषय सगळ्यांना पाठ आहेत. लग्नानंतर तिची नोकरी सोलापुरात राहणार की पुण्यात नवी शोधायची? घरी दर महिन्याला किती पैसे पाठवायचे, आणि ती तिच्या आई-वडिलांना पाठवणार त्याचं काय? फ्लॅटचा हप्ता कुणाच्या पगारातून? त्याच्या घरी तेलुगू बोलतात, हिच्या घरी मराठी, सणाला कुठल्या घरी? मटण?

हे विषय फोनवर उघडता येतात, मिटवायला भेटावं लागतं. आणि भेटीचं नियोजन आपण फार वाईट करतो. तो शनिवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्म्यानं निघतो, रात्री पोचतो. रविवारी सकाळी तिच्या काकांकडं चहा, दुपारी तिच्या घरी शेंगाची पोळी आणि सगळं कुटुंब, संध्याकाळी सिद्धेश्वराचं दर्शन दोन्ही घरच्यांबरोबर. दोघांना बोलायला मिळतं ते निघताना, वीस मिनिटं, आणि साठलेलं सगळं तिथं बाहेर येतं. मग भांडण अर्धवट टाकून तो गाडीत बसतो. यापेक्षा रविवारची सकाळ दोघांसाठी म्हणून आधीच मागून घ्या. घरच्यांना स्पष्ट सांगा, दुपारी जेवायला येतो. कंबर तलावाकडं फिरायला जा, थंडीत हुरड्याला जा, जानेवारीत भेट आली तर गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, जा. जड विषय सकाळी काढा, म्हणजे रुसून परत हसायला दिवस उरतो.

घरचे

यावर थोडंच. ‘आई म्हणत होती, तुमच्याकडून मानपानाचं काही कळलं नाही’ असं वाक्य फोनवर आलं की भांडण दोघांचं राहत नाही. आपल्या घरचा निरोप आपणच गाळून, आपल्या शब्दांत सांगावा. समोरच्याच्या आईवर मत देऊ नये. चॅटचे स्क्रीनशॉट मावसबहिणीला पाठवू नयेत, ते फिरत फिरत मध्यस्थांपर्यंत जातात. आणि मानपानाच्या आडून पैसे, गाडी किंवा सोन्याची मागणी येत असेल तर तो संवादाचा प्रश्नच नाही. १९६१ च्या कायद्यानं हुंडा मागणं, देणं आणि घेणं गुन्हा आहे.

तसंच दुसरं. चोवीस तास लाइव्ह लोकेशन मागणं, पासवर्ड मागणं, कुठं आहेस ते व्हिडिओवर फिरवून दाखव म्हणणं, मैत्रिणी तोडायला लावणं, फोटो पसरवीन म्हणून धमकावणं. याला कुणी ‘काळजी आहे म्हणून’ म्हटलं तरी ते ऐकू नका. वरचे उपाय इथं लावायचे नाहीत. मऊ बोलून असलं वागणं सुधारत नाही, उलट चटावतं. घरात विश्वासाच्या माणसाला सांगा. महिला हेल्पलाइन १८१ आहे, आणि मन फार खचलं असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, मुलग्यांनाही.

बाकी राहतात ती न सुटणारी भांडणं. त्याला शांत राहायला आवडतं, तिला माणसं लागतात. तो पैसा धरून ठेवतो, ती खर्च करते. गॉटमन यांच्या मते जोडप्यांच्या वादांपैकी ६९ टक्के वाद असेच कायमचे असतात. ते लग्नाआधी मिटले नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही, त्यांच्यासह संसार होतो. नोकरीचं गाव, मूल कधी, आई-वडील बरोबर राहणार का, हे मात्र त्यांत धरू नका. यांना हो किंवा नाही असं उत्तर लागतं, आणि ‘लग्न झाल्यावर बघू’ हे उत्तर नाही. पत्रिका छापायला टाकायच्या आधी, समोरासमोर बसून, आई-वडिलांना बाहेरच्या खोलीत बसवून, हे विचारून घ्या. एखाद्याचं उत्तर पटलं नाही आणि त्यावर साखरपुडा मोडला, तर चार महिने लोक बोलतील. मग गड्डा येईल आणि लोक दुसऱ्या कुणाबद्दल बोलतील.